उतरा, पोट घासतंय

आमच्या गल्लीतला गतिरोधक माझ्या नवऱ्यानंच आणलाय. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना उगाच कुणाला त्याची कीव यायला नको.

सातपूरला कंपन्यांच्या मागच्या अंगाला आमची कॉलनी. संध्याकाळी शिफ्ट सुटली की पोरं मोटारसायकली अशी दामटत जायची, की दारात उभं राहायची सोय नाही. म्हणून यानं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, महापालिकेत हेलपाटे घातले आणि शेवटी एक दिवस डांबराची गाडी येऊन आमच्या घरापुढं म्हैस बसावी एवढा उंचवटा करून गेली. नवऱ्यानं गल्लीत पेढे वाटले. तेव्हा आमच्याकडं चारचाकी नव्हती, त्यामुळं डोकं ठिकाणावर होतं.

(तोंडावर मी त्याला अहो म्हणते, माघारी तो. सगळ्याच बायका असं करतात, फक्त लिहीत नाहीत.)

गाडी आली ती माझ्यामुळं. कंपनीत मी पॅकिंगला आहे. तिथल्या एका मैत्रिणीनं गाडी शिकायचं मनावर घेतलं आणि एकटीला लाज वाटते म्हणून मलाही क्लासला ओढून नेलं. ती आठवड्याच्या आत रडून घरी बसली. मी लायसन घेऊनच थांबले. त्या दिवशी पहिला फोन मी नवऱ्याला नाही केला, बापाला केला.

बाप हरसूलच्या अलीकडं एका पाड्यावर राहतो. भात, नागली, थोडी वरई. आई गेल्यापासून एकटाच, पण शेजारी भाऊबंद आहेत. त्यानं आयुष्यात काही चालवलं असेल तर नांगर. फोनवर म्हणाला, "म्हंजी आता तू गाडी चालवत येशील?"

म्हटलं, "येईन."

"तू सोता? डायवर नाय?"

"मीच डायवर, बाबा."

झालं! पुढच्या बाजाराला त्यानं सगळ्यांना सांगून टाकलं. हरसूलच्या बाजारात एकदा गोष्ट बोलली की ती माणसाच्या आधी पाड्यावर पोचते. माझ्याकडं गाडी यायच्या आधीच मी तिथं गाडीवाली झाले होते.

मग माझी भिशी आणि नवऱ्याचा बोनस मिळून आम्ही एक जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली. सासूबाईंनी हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. ती लिंबं मी चिरडली. म्हणजे घरची गाडी पहिल्यांदा मी हलवली ती हातभर, आणि त्यानंतर कितीतरी दिवस तेवढीच.

कारण नवरा टूलरूममध्ये कामाला. कापणं, घासणं, बसवणं हा त्याचा जीव की प्राण. अशा माणसाच्या दारात गाडी उभी करणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. सुरुवात ब्रेकपासून झाली. "आधी सेफ्टी," म्हणाला. आता सेफ्टीला कोण नाही म्हणणार? मोठ्या गाडीचे डिस्क ब्रेक आणले, पुढं बसवले, मागंही बसवले. ब्रेक इतके झकास झाले की पहिल्याच सिग्नलला सासूबाईंच्या मांडीवरचा कढीचा डबा उडून पुढच्या काचेवर गेला.

"बघितलंस?" नवरा खूश. "जागच्या जागी!"

"हो बाबा," सासूबाई पदरानं कढी पुसत म्हणाल्या. "गाडी जागच्या जागी. कढीच तेवढी पुढं निघून गेली."

ब्रेक एवढे चांगले म्हटल्यावर थांबवायला तसा वेगही नको का? म्हणून मग इंजिन. अपघातात गेलेल्या कुठल्याशा मोठ्या गाडीचं इंजिन त्यानं हुडकून आणलं. सातपूरला एका मित्राची शेड आहे, तिथं दर रविवारी हा आणि त्याचे दोन सोबती बनियनवर उभे. मी डबा घेऊन जायचे तर गाडीचं तोंड उघडं, आतडी बाहेर, आणि तिघं तिच्याकडं बघत चहा पितायत. शेवटी बसलं ते इंजिन. त्याला साजेसा सायलेन्सरही बसला. त्याचं नाव सायलेन्सर कुणी ठेवलं, त्याला एकदा भेटायचंय मला. आमच्या कॉलनीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारी माणसं बरीच. ती सगळी नवऱ्याला ओळखायला लागली, आईवरून. म्हणजे आमच्या सासूबाईंवरून.

या सगळ्यात मी विचारायचे, "मी कधी चालवू?" आधी उत्तर होतं, "ब्रेक सेट होऊ दे." मग, "इंजिन मोकळं होऊ दे." आणि एक दिवस नवरा चहात खारी बुडवत म्हणाला, "आता तू राहूच दे. क्लच कडक केलाय. ही आता बाईमाणसाची गाडी राहिली नाही."

"बाईमाणसाची भिशी मात्र बरी चालली तिला!" मी म्हणाले. खारी तुटून चहात पडली, पण वाद तिथंच राहिला.

सगळ्यात शेवटी त्यानं गाडी खाली आणली. इंजिन दमदार झालं की गाडी रस्त्याला चिकटून पाहिजे म्हणे. स्प्रिंगा बदलल्या, आणि गाडी अशी बसली की चाकांच्या वर बोट जाईना. संध्याकाळी मोठ्या दिमाखात ती घरी आली, गल्लीत वळली आणि आमच्या दारापुढच्या त्या म्हशीपाशी येऊन थांबली. मग पुढं गेली. खर्रर्र! सगळी गल्ली दारात. त्यातल्या निम्म्यांनी त्या गतिरोधकासाठी सह्या केलेल्या, पेढे खाल्लेले. कुणी हसलं नाही. मला वाटतं, हसले असते तर नवऱ्याला बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून आमच्या घराला एक नवा रिवाज पडला. गतिरोधक दिसला की गाडी थांबायची. नवरा म्हणायचा, "उतरा, पोट घासतंय." मी आणि सासूबाई उतरायचो. रिकामी गाडी नवऱ्यासह तिरकी तिरकी करत पलीकडं जायची. आम्ही मागनं चालत जाऊन पुन्हा आत बसायचो. बसणं तरी कसलं, विहिरीत उतरायचं. सासूबाईंचे गुडघे आधीच गेलेले. त्या एक हात छताला, एक माझ्या खांद्याला, तोंडानं रामराम, अशा आत जायच्या. आणि नाशकात गतिरोधकांना काय तोटा! गंगापूर रोडला एका लग्नाला निघालो, तर निम्मं अंतर पैठणी सावरत पायी. एक रिक्षावाला कळवळून थांबला. "ताई, गाडी बंद पडली का?"

"बंद नाही, दादा," मी म्हणाले. "सुधारली."

सासूबाई दर शनिवारी गाडीच्या पुढच्या बाजूला लिंबू-मिरची बांधायच्या. आता ती रस्त्यावर घासायची आणि संध्याकाळपर्यंत नुसता दोरा उरायचा. दोन-तीन शनिवार त्यांनी बघितलं आणि सोडून दिलं. "दृष्ट लागायला आधी गाडी दिसायला तर पाहिजे," म्हणाल्या. त्यानंतर त्या कुठं जायचं झालं तर बसनं जायला लागल्या. बसला निदान पायऱ्या असतात.

हे सगळं मी हसून सांगतेय, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. कारण महिन्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, मी बापाला भेटायला जायचे, ती काळ्यापिवळ्या जीपमधून. मागच्या बाकावर, कोंबड्या आणि पोत्यांच्या मधे. जीप हरसूलला थांबायची, तिथंच जवळ बाप त्याच्या दोघा-तिघा सोबत्यांबरोबर उभा असायचा. जीपचं मागचं दार उघडायचं आणि मी पोत्यांवरून पाय टाकत खाली उतरायचे. सोबती एकमेकांकडं बघायचे. मग बाप कुणी काही विचारायच्या आत म्हणायचा, "तिची गाडी कामाला टाकलीय." पुढच्या खेपेला, "गाडी लय लांबच्या भाड्यानं गेलीय." एकदा तर म्हणाला, "तिच्या सायबानं मागून नेली." पॅकिंगवालीची गाडी साहेब मागून नेतो! माझ्या बापाला खोटं बोलता येत नाही. बोलताना तो टोपी काढून पुन्हा घालतो. त्याला तसं टोपी काढताना बघितलं की माझा जीव तुटायचा आणि नवऱ्याचा असा संताप यायचा, की परतताना जीपमध्ये मी तोंडातल्या तोंडात भांडत यायचे. मला सहल नको होती, ऐट नको होती. एकदा, फक्त एकदा, मला बापासमोर ती गाडी चालवत न्यायची होती.

दिवाळी झाली, भात झोडून झाला, आणि बापाचा फोन आला. "नवा तांदूळ हाय. येत्या बाजाराला ये. मी सांगितलंय सगळ्यास्नी, या टायमाला ती गाडीनंच येनार."

"बाबा, कशाला सांगितलंस?"

"मंग किती दिस टोपी काढू?" तो म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

मी नवऱ्याला सांगितलं, या खेपेला मी चालवणार. तो म्हणाला, घाट आहे, रस्ता खोदलाय, क्लच कडक आहे. मी म्हणाले, घाट मी बघितलाय, जन्मलेय त्या घाटापलीकडं. तो म्हणाला, "अगं, बाबांनी काय सांगितलंय? गाडीनं येणार. मी नेतो की तुला गाडीनं." मी म्हणाले, निदान पाड्याच्या फाट्यापासून तरी द्या. म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही, हे सासूबाईंनी मला लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलंय.

निघालो दोघंच. डिकीत बापासाठी फराळाचा मोठा डबा, नवं धोतर, शिवाय नवऱ्याचे स्पीकर. त्र्यंबक रोड सिंहस्थाच्या नावानं उकरून ठेवलेला. अंजनेरी येईपर्यंत मी इतक्या वेळा चढले-उतरले की पाठ धरली. त्र्यंबक सुटल्यावर घाट लागला आणि नवरा फुलला. "आता बघ गाडी!" बघितली. पुढं भाताच्या पेंढ्यानं लादलेला एक ट्रॅक्टर. त्याच्या मागं आमचं ते मोठं इंजिन, मोठे ब्रेक आणि रस्त्याला चिकटलेली गाडी, सगळे मिळून बैलगाडीच्या चालीनं घाट चढले. काचेवर पेंढ्याच्या काड्या पडत होत्या. मी त्या काड्या मोजत बसले, आणि ते नवऱ्याला बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

फाट्यावर मी म्हणाले, "द्या आता."

"इथनं पाड्याचा रस्ता कसाय, दिसतंय ना? दारात पोचू, मग चालव हवं तर अंगणात."

अंगणात! मी दाराचं हँडल घट्ट धरून बसले, नाहीतर माझा हात कुठं गेला असता देव जाणे.

पाडा हाकेच्या अंतरावर राहिला आणि नवऱ्यानं करकचून ब्रेक मारला. पाड्याच्या पाण्याची पाइप रस्त्यातून आडवी नेलेली, आणि ती फुटू नये म्हणून तिच्यावर मुरूम-मातीचा चांगला उंच बांध घातलेला. बैलगाडीला काही नाही, जीपला काही नाही. "उतर, पोट घासतंय," नवरा म्हणाला. उतरले. गाडी पुढं आली. खर्रर्र. मागं गेली. तिरकी आली. खर्रर्र. दुसऱ्या अंगानं तिरकी आली, तिथं तर नुसतीच कण्हली. मग नवऱ्यानं वजन कमी करायला घेतलं. जॅक काढला, स्टेपनी काढली, स्पीकर काढले, फराळाचा डबा काढला. सगळा संसार बांधाच्या कडेला मांडला. पुन्हा गाडीत बसला. खर्रर्र.

आता गाडीतून काढण्यासारखं एकच वजन उरलं होतं. तसा माझा नवरा अंगानं भरलेला. त्याचं त्यालाच उमगेपर्यंत मी थांबले.

"हे कुठं टेकतंय ते खालून बघायला पाहिजे," तो शेवटी आकाशाकडं बघत म्हणाला. "तू बस. मी सांगतो तसं फक्त क्लच सोड. हळू. काही करू नकोस, फक्त हळू सोड."

असं ते स्टेअरिंग माझ्या हातात आलं. नवरा धुळीत आडवा झाला, गाल मातीला टेकवला, एक डोळा मिटला आणि टूलरूममध्ये बारीक काम करताना बोलावं तसं बोलायला लागला, "ये... ये... उजवीकडं जरा... ये..." क्लच कडक होता, खोटं कशाला बोलू! पण दिवसभर पॅकिंग मशीनचं पेडल दाबणाऱ्या पायाला त्याचं काय? पुढची चाकं चढली, उतरली. पोट गेलं. काही घासलं नाही. मागची चाकं उतरली आणि मागनं आवाज आला, "गेली! बास! थांब आता!"

थांबायचं माझ्या मनात होतं. पायाच्या मनात नव्हतं.

आरशात बघितलं तर नवरा उभा. एका गालावर माती, हात वर, पायाशी स्टेपनी, जॅक, स्पीकर आणि माझ्या बापाचा फराळ. मी दुसरा गिअर टाकला. त्या सायलेन्सरला मी आजवर इतक्या शिव्या दिल्यात, पण त्या दिवशी म्हटलं, बोंबल बाबा, बोंबल हवा तेवढा! आणि तो बोंबलला. सगळा पाडा बाहेर आला. म्हाताऱ्या आल्या, पोरं आली, कोंबड्या पळाल्या. बाप टोपी घालून, पिशवी खांद्याला लावून, बाजारासाठी ओट्यावर तयार उभा होता. गाडी त्याच्यापुढं उभी केली, ती अगदी जागच्या जागी. ब्रेक चांगले होते, ते मान्य करायला पाहिजे.

बाप गाडीकडं बघत राहिला. मग खिडकीतून माझ्याकडं. मग मागच्या सीटकडं.

"जावईबापू कुठंत?"

"येतायत. चालत."

त्यानं पलीकडून दार उघडलं आणि आत बसला. आमच्या गाडीत बसताना आजवर प्रत्येक माणूस कण्हला होता. माझा बाप सगळा जन्म उकिडवा बसून भात लावत आला. तो नुसता गुडघ्यात वाकला आणि आत. "बसायला बरी हाय," म्हणाला. "आपल्यासारखीच, भुईवर. चल, बाजारला."

परत बांधापाशी आलो. पलीकडं नवरा स्टेपनीवर बसला होता. मला वाटलं, आता भांडण. पण त्याची नजर गाडीच्या पोटाकडं. बाप उतरायला लागला, तर नवराच हात करून म्हणाला, "बसा बाबा, तुमचं काय वजन! मी बघतो." आणि हा गडी पुन्हा धुळीत आडवा झाला. या खेपेला दुसरा गाल. "ये... ये..." गाडी पलीकडं गेली. या वेळी मी थांबले. त्यानं सगळं सामान डिकीत भरलं, एकदा पुढच्या सीटकडं बघितलं, तिथं सासरा, आणि गुडघे हनुवटीला लावून निमूट मागं बसला.

फाटा आला. मग नवऱ्याला राहवलं नाही. "क्लच जरा लवकर सोडतेस," मागून म्हणाला.

बापानं मान वळवली नाही. "जावईबापू," तो म्हणाला, "यष्टीत लिवलेलं असतं. डायवरसंग बोलायचं नाय."

हरसूलला बाजार भरला होता. मी गाडी नेली ती थेट जीप थांबतात तिथं. बापाचे सोबती तिथंच उभे होते, नेहमीसारखे. एक जीप नुकतीच रिकामी होत होती, मागच्या दारातून एक बाई पोत्यांवरून पाय टाकत उतरत होती. मी इंजिन बंद केलं. एवढ्या वेळानं शांत झालं, म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. मागनं नवरा म्हणाला, "बाबा, उतरून मला जरा हात देता का? पाय अडकलाय."

बाप हलला नाही. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. टोपी जिथल्या तिथं.

"आमी बसतो," तो म्हणाला. "तू पयली उतर. कुन्या बाजूनं उतरते, त्ये दिसू दे त्यास्नी."

मी उजवीकडचं दार उघडलं आणि उतरले.